इंडक्शन घेतलं, गॅस वाचला, लाइटबिल वाढलं: फोनवर केलेला घरखर्चाचा हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महागला. मुंबईत १४.२ किलोच्या सिलिंडरचा भाव ८५२ रुपये ५० पैसे झाला. त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एकच रील तीन वेळा आली: इंडक्शन शेगडी घ्या आणि गॅसचा खर्च अर्ध्यावर आणा. मी घेतली. आई म्हणाली, "अरे, पण लाइटबिल?" मी म्हटलं, "अगं, त्यात सगळा हिशोब दाखवलाय." हिशोब होता, पण तो रीलवाल्याच्या घरचा होता.

सिलिंडर खरंच जास्त दिवस पुरला. मग मे महिन्याचं बिल आलं. आमच्याकडे साधारण १८० युनिट येतात, यावेळी २४६. उन्हाळा आहे, पंखे चोवीस तास चालू आहेत, असं मी आईला सांगितलं आणि स्वतःलाही. पण शंका होतीच. म्हणून एक स्मार्ट प्लग घेतला, जो फोनवर युनिट मोजून दाखवतो. (घेताना १६ अँपिअरचा घ्या आणि त्यात 'एनर्जी मॉनिटरिंग' आहे ना ते बघा. साध्या स्मार्ट प्लगमध्ये फक्त चालू-बंद करता येतं.) महिनाभर शेगडी त्यावरच चालवली. रोज सरासरी दोन युनिट, म्हणजे महिन्याला ६०. पंख्यांची बाजू घेण्यात अर्थ उरला नाही.

६० युनिटचे किती पैसे होतात, हे शोधताना मला कळलं की इतकी वर्षं घरचं बिल ऑनलाइन मीच भरतोय, पण ते वाचलं कधीच नाही.

आधी बिल समजून घेऊ

भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून विजेचं वितरण टोरंट पॉवर करते, महावितरणची फ्रँचायझी म्हणून. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आपले दर वेगळे आहेत. तसं नाही. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि महावितरणच्या कल्याण किंवा नाशिकच्या ग्राहकाला जे दरपत्रक लागू असतं तेच आपल्यालाही.

बिलावर चार-पाच ओळी असतात. स्थिर आकार, म्हणजे एक युनिटही न वापरता द्यावा लागणारा. वीज आकार, म्हणजे विजेची किंमत. वहन आकार, म्हणजे ती वीज तारांमधून आणण्याचं भाडं. इंधन समायोजन आकार, जो वीज खरेदीच्या खर्चाप्रमाणे कमी-जास्त होतो. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, जे सरकारकडे जातं.

आता स्लॅब. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकासाठी पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ असा वीज आकार होता. प्रत्येक युनिटवर १.१७ रुपये वहन आकार वेगळा. दर बदलत राहतात, त्यामुळे तुम्ही हिशोब कराल तेव्हा स्वतःच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. माझा मे महिना याच दरांचा होता, म्हणून मी हेच वापरतोय.

एक गैरसमज मी नाक्यावर, ऑफिसात, सगळीकडे ऐकतो: "१०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो." नाही. पहिली १०० युनिट कायम स्वस्त दरानेच मोजली जातात. वरचा दर फक्त वरच्या युनिटना. १८० युनिटचं घर घ्या. पहिल्या १०० चे ५८८ रुपये. पुढच्या ८० चे ११.४६ ने ९१७ रुपये. ८० युनिटना १०० पेक्षा जास्त पैसे!

सरासरी काढली तर युनिटला ८ रुपये ३६ पैसे येतात. आपण सगळे हीच सरासरी डोक्यात धरतो आणि तिथेच फसतो. कारण घरात नवीन काही आणलं तर त्याची युनिट पहिल्या शंभरात जाऊन बसत नाहीत, ती सगळ्यात वर चढतात. आणि काही बंद केलं तर तीही वरूनच कमी होतात. म्हणून मला मोजायचा असतो तो शेवटच्या युनिटचा दर. आमच्या घरी तो ११.४६, त्यावर १६ टक्के शुल्क धरून १३ रुपये २९ पैसे. शेजारच्या खोलीत एकटा राहणारा मित्र ८५ युनिट वापरतो, त्याचा शेवटचा दर ६ रुपये ८२ पैसे. एकच शेगडी, एकच भाजी, पण त्याला निम्म्यात पडते.

गॅस की इंडक्शन: १३५ ने भागा

माझी ६० युनिट गुणिले १३.२९, म्हणजे ७९८ रुपये. वाचलेल्या गॅसचे किती?

एक किलो एलपीजीत साधारण १२.८ युनिट इतकी ऊर्जा असते. १४.२ किलोत झाली जवळपास १८२. पण गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला १३० ते १४० युनिट लागतात. मी मधला १३५ धरतो.

तर माझी ६० युनिट म्हणजे ०.४४ सिलिंडर, पैशात ३७९ रुपये. ३७९ वाचवायला ७९८ घातले. महिन्याला चारशेच्या वर नुकसान, शेगडीची किंमत धरलेलीच नाही.

तुमच्यासाठी सोपा हिशोब असा. फोनवर कॅल्क्युलेटर उघडा, तुमच्याकडच्या सिलिंडरच्या किमतीला १३५ ने भागा. ८५२.५० चे येतात ६ रुपये ३१ पैसे. तुमच्या शेवटच्या युनिटचा शुल्कासकट दर यापेक्षा कमी असेल तर इंडक्शन परवडेल, जास्त असेल तर गॅस. माझ्या ८५ युनिटवाल्या मित्राला दोन्ही जवळजवळ सारखेच पडतात, आणि शेगडीमुळे त्याने १०० ओलांडले तर तेही गणित बिघडेल. उज्ज्वलाचं ३०० रुपये अनुदान मिळत असेल तर भागाकार चार रुपयांवर येतो, मग गॅसला तोडच नाही. उलट ज्यांच्या छतावर सोलर आहे त्यांना दुपारची वीज जवळपास फुकट, त्यांनी खुशाल इंडक्शन वापरावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी स्वतःचं छत हवं. आमच्या कामतघरच्या चाळीसारख्या इमारतीत पत्रा कोणाचा यावरच आधी भांडण होईल.

आईचा मुद्दा वेगळाच होता आणि तो कुठल्याच रीलमध्ये नव्हता: भाकरी फुगवायला जाळ लागतो.

मीटरचा लाल दिवा आणि फोनचं स्टॉपवॉच

स्मार्ट प्लगला पैसे घालायचे नसतील तर फुकटचा मार्ग आहे, आणि मला तोच जास्त आवडला. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ इंग्रजीत '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' किंवा '१६०० इम्प/केडब्ल्यूएच' असं छापलेलं असतं. अर्थ इतकाच की ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

स्टॉपवॉच लावा, दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते बघा. दिवा फार भरभर उडत असेल तर व्हिडिओ काढून नंतर सावकाश मोजा. मग ३,६०,००,००० ला मीटरवरच्या आकड्याने भागा आणि परत सेकंदांनी भागा. ३२०० चं मीटर, ४५ सेकंद, तर उत्तर येतं २५०. म्हणजे या क्षणी घरात २५० वॅट वीज चालू आहे. नोट्समध्ये हा हिशोब एकदा लिहून ठेवला की झालं.

एका रविवारी मी एकेक वस्तू बंद करत जिन्याखालच्या मीटरपर्यंत चकरा मारल्या. शेवटी सगळं बंद, तरी दिवा सावकाश लुकलुकतच होता. सेट टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद, पण बॉक्स चालूच, सुमारे १० वॅट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे ७.२ युनिट, आमच्या दराने ९६ रुपये. आम्ही टीव्ही दिवसाला दोन तास बघतो. आता बटण भिंतीवरून बंद होतं.

आणि ज्याच्यावरून आपण सगळ्यात जास्त बोलणी खातो तो फोन? ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-तास. चार्जरमधला तोटा धरून २५. रोज शून्यापासून पूर्ण भरला तरी महिन्याला पाऊण युनिट, म्हणजे दहा रुपये. "दिवसभर मोबाइल चार्जिंगला, म्हणून बिल वाढतं" या वाक्यावर हे उत्तर पाठ करून ठेवा. (माझ्या बाबांना पटलेलं नाही. ते अजूनही चार्जरचं बटण बंद करतात.)

खरा खाणारा होता पंखा. साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅट. फरक ४५ वॅटचा. भिवंडीच्या दमट उकाड्यात पंखा दिवसाला १५ तास सहज चालतो. महिन्याला २० युनिट वाचतात. आमच्याकडे ते २६९ रुपये, तीन हजारांचा पंखा अकरा-बारा महिन्यांत वसूल. मित्राकडे त्याच पंख्याने वाचतात १३८, त्याला जवळपास दोन वर्षं लागतील. म्हणून "बीएलडीसी घेऊ का?" याचं उत्तर कोणी तुमचं बिल न बघता देत असेल तर ऐकू नका. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, पण दुकानात वॅटचा आकडाही विचारून घ्या.

एसीबद्दल एकच गोष्ट. लेबलवर वर्षाला किती युनिट हे लिहिलेलं असतं, ते १६०० तास धरून असतं. तुम्ही मार्च ते जून रोज आठ तास लावणार असाल तर ते साधारण ९७० तास होतात, म्हणजे लेबलवरच्या आकड्याच्या साठ टक्के. पण ती युनिट चार महिन्यांतच येतात, त्यामुळे त्या महिन्यांत तुम्ही ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये जाल. तिथे शुल्कासकट एक युनिट १८ रुपयांच्या वर होतं.

प्लगमध्ये लावायची 'पॉवर सेव्हर' डबी घेऊ नका. ती पॉवर फॅक्टर सुधारते असं सांगून विकतात. कारखान्यात पॉवर फॅक्टरला महत्त्व आहे, तिथे कपॅसिटर बसवतात. घरगुती मीटर मात्र युनिट मोजतं, पॉवर फॅक्टरचे पैसे लावत नाही. त्या डबीत बहुतेक एक छोटा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो, आणि तो दिवा तुमच्याच विजेवर जळतो.

ज्यांच्याकडे टीओडी मीटर बसलंय त्यांनी बिलात आणखी एक ओळ शोधावी. जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री आणि पाण्याची मोटर दुपारी लावण्याइतकं कारण त्यात नक्की आहे.

आणि "तुमचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री ९.३० ला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतो, मग 'दहा रुपये भरून बघा' म्हणतो, आणि तुमचा पिन त्याला दिसतो. वीज कंपनी खाजगी मोबाइल नंबरवरून असं कधी सांगत नाही.

पेट्रोलचा हिशोब टाकीतून टाकीपर्यंत

घरात चारशे रुपये कुठे गेले ते सापडलं, मग तेच डोकं स्कूटरला लावलं. माझं ऑफिस माजिवड्याला. अंजूरफाटा, कशेळी, बाळकुम करत येऊन-जाऊन २६ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६७६ किलोमीटर. स्कूटर घेताना दुकानदाराने सांगितलं होतं, "पन्नास देते." मी तीन वर्षं पन्नासच धरत होतो.

खरं मायलेज मोजायची पद्धत जुनीच आहे. पंपावर नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरा, ओडोमीटरचा फोटो काढा. पुढच्या वेळी त्याच पंपावर परत तशीच भरा आणि किती लिटर बसलं त्याने मधल्या किलोमीटरना भागा. फोटोवर तारीख आपोआप असते, वेगळं अ‍ॅप नको. माझं आलं ३८. शहापूरला मामाकडे हायवेने जाऊन आलो तेव्हा त्याच गाडीने ४७ दिले. म्हणजे गाडीत दोष नव्हता, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये होता.

१०३ रुपये ५० पैशांनी पन्नासच्या मायलेजला महिन्याचे १४०० होतात, ३८ ला १८४१. परत चारशेच्या वर! मी घरातून चाळीस मिनिटं आधी निघायला लागलो आणि टायरची हवा दर पंधरवड्याला बघायला लागलो. मायलेज ४३ वर आलं, महिन्याला दोनशेच्या वर वाचले. गुगल मॅप्समध्ये हिरवं पान असलेला कमी इंधनाचा रस्ता दिसतो, तोही वापरून बघितला. त्यासाठी सेटिंगमध्ये आपलं इंजिन पेट्रोल की इलेक्ट्रिक ते निवडावं लागतं. पण कशेळीची खाडी ओलांडायला पूल किती, त्यामुळे पानाचा फारसा उपयोग नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरचं गणित मात्र मी दोनदा केलं, कारण उत्तर खरं वाटेना. एका युनिटला ३० किलोमीटर आणि चार्जिंगमधला तोटा १५ टक्के धरला तर महिन्याला २६ युनिट. सगळ्यात वरच्या दराने, म्हणजे १३.२९ ने, ३४५ रुपये. १८४१ च्या जागी ३४५. इंडक्शनला ज्या शेवटच्या युनिटने हरवलं त्याच युनिटवर इलेक्ट्रिक स्कूटर आरामात जिंकते, कारण समोर सिलिंडर नाही, पेट्रोल आहे. तीनशेच्या पुढच्या स्लॅबचा दर धरला तरी पावणेपाचशेच होतात. गाडीच्या किमतीतला फरक महिन्याच्या दीड हजाराने भागा, किती महिन्यांत सुटेल ते कळेल. बॅटरीची वॉरंटी त्याहून जास्त असली पाहिजे.

माझं अडलंय ते प्लगवर. स्कूटर खाली, मीटर जिन्याखाली, घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून एक्स्टेंशन सोडणं पावसात धोक्याचं आहे, आणि जिन्यातल्या दिव्याच्या प्लगवर लावलं तर ते बिल सगळ्या चाळीचं. स्वतःच्या मीटरवरून खाली एक कुलपाचा पॉइंट आणायचा, अर्थिंगसकट, यासाठी वायरमनला बोलावून दर विचारलाय. बॅटरी काढून घरी नेता येते अशाही गाड्या आहेत, पण बॅटरी आठ-दहा किलोची असते आणि आमच्याकडे लिफ्ट नाही.

पावसाळ्यात मी स्कूटर ठेवून देतो. जानेवारी २०२५ च्या शेवटी एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि १ फेब्रुवारीपासून रिक्षाचं मीटर २३ वरून २६ रुपयांवर गेलं. तरीही एकट्याच्या पेट्रोलशी तुलना करताना एसटीच्या सवलती विसरू नका. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझी बहीण कल्याणला कॉलेजात असती तर तिच्यासाठी स्कूटरचा विषयच नव्हता. विद्यार्थ्यांच्या पासला तर एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, गाड्या मोजक्याच, पण वेळ जुळली तर त्याहून स्वस्त काही नाही. मेट्रो ५ चे खांब मी रोज बघतो, त्यांच्याखालीच अडकून माझं पेट्रोल जळतं.

सध्या माझ्या पाठीमागे ऑफिसातला एक जण बसतो. तो कल्याण नाक्याला शेअर रिक्षाने येतो आणि आठवड्याला २०० रुपये यूपीआय करतो. मायलेज दोनने घसरलं, खर्च निम्मा झाला. इंडक्शन शेगडी कपाटावर आहे. गेल्या महिन्यात सिलिंडर रात्री संपला आणि दुसरा यायला दोन दिवस लागले, तेव्हा आईने ती स्वतःच खाली काढली.